माता मृत्यूच्या चौकशीचा एक दिवस

गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत एखादी स्त्री दगावली, तर तिच्या मृत्यूची चौकशी रुग्णालयाच्या कागदांवर थांबत नाही, तिच्या घरी जाऊनही करावी लागते. केंद्र सरकारने २०१० साली तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. शासकीय सेवेतील प्रसूतितज्ज्ञ म्हणून मी अशा चौकश्यांना अनेकदा गेले आहे, पण बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर झालेली चौकशी माझ्या मनात कायमची राहिली आहे.

कागदोपत्री प्रकरण सरळ होते. कुटुंब ऊसतोडीला गेले असताना बाळंतपण दूरच्या जिल्ह्यात, उसाच्या फडालगतच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, झाले होते. वार (अपरा) पडायला वेळ लागला, रक्तस्राव थांबेना, आणि गाडी मिळवून रुग्णालयात नेईपर्यंत नाडी लागत नव्हती. मृत्यूचे कारण म्हणून ‘प्रसूतिपश्चात रक्तस्राव’ अशी नोंद झाली होती आणि वैद्यकीयदृष्ट्या ती चूक नव्हती.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, कुटुंब गावी परतले, तेव्हा आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीतून माता व बाल संरक्षण कार्ड काढून दिले. पाचव्या महिन्यात तपासलेले हिमोग्लोबिन ६.८ होते आणि त्यापुढचे सगळे रकाने कोरे होते. सातच्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला केवळ लाल गोळ्यांवर ठेवून भागत नाही, शिरेतून लोह द्यावे लागते, दिवस भरत आले असतील तर रक्तही. आशाताईंनी तिला तालुक्याला न्यायचे ठरवले होते, पण त्याआधीच ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आला.

‘‘तिला मागे ठेवता आलं नसतं का?’’ असे मी विचारल्यावर सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘उचल घेतली होती, म्याडम. कोयता दोघांचा असतो. ती घरी राहिली तर त्यानं एकट्यानं काय तोडायचं? आन् खाडा पडला की पैसं कापत्यात.’’ उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, आणि खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती मोळ्या वाहत होती, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

धडधाकट बाईच्या अंगातून बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेले तरी ती सहसा सावरते. या मुलीच्या शरीरात तेवढीही शिल्लक नव्हती. तिचा मृत्यू कोपीत सुरू झाला नव्हता, तो किमान चार महिने आधी सुरू झाला होता, आणि तो थांबवण्याची वेळही तेव्हाच होती.

अशी उलट दिशेने चौकशी करण्याची सवय मला लागली ती मुंबईच्या कामा रुग्णालयात, पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात. तिथे आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव वारंवार घेत. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या झिराड ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाच्या प्रसूतिशास्त्रातील एम.डी. झाल्या. १९२८ साली त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १८८६ मध्ये सुरू झालेल्या या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे तोवर कोणाही भारतीय स्त्रीकडे आली नव्हती. पुढे १९४७ पर्यंत त्यांनी ती सांभाळली, आणि भारतीय मुलींना प्रसूतिशास्त्रातले प्रत्यक्ष शिक्षण आणि जबाबदारीच्या जागा मिळाव्यात हा आग्रह धरला. १९६६ च्या पद्मश्रीचा उल्लेख सर्वत्र आढळतो. त्यांनी १९३७-३८ मध्ये मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांचा जो तपास केला, त्याचे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यात आहे. दगावलेल्या बायांच्या मृत्यूचा विषय प्रसूतिगृहाच्या भिंतींबाहेर, शहराच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडण्याचे ते काम होते.

त्याच्या थोडे आधी, याच मुंबईत, ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने गरीब गर्भवतींमधील रक्तक्षयाचा एक प्रकार यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवले होते. त्या शोधाच्या वाटेने पुढे फॉलिक आम्ल सापडले, आणि आज आशाताईंच्या पिशवीतल्या लाल गोळीत लोहाबरोबर तेच असते. सुमारे नव्वद वर्षांनंतरही त्या मुलीचे रकाने कोरे राहिले याचा मला संताप आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळेना.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील आढावा बैठकीत बराच वेळ रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचायला हवी होती यावर गेला. तो प्रश्न गैर नव्हता, पण मी ते कार्ड सर्वांपुढे फिरवले आणि पाचव्या महिन्याची नोंद मोठ्याने वाचली. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले, देशाचे तेव्हा ९७ होते, आणि याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. तरी स्थलांतर करणारी बाई गावच्या यादीतून बाहेर पडते आणि कारखान्याकडच्या यादीत शिरत नाही, तेव्हा ही सरासरी तिच्या काय कामाची? ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्यापूर्वी गर्भवतींचे हिमोग्लोबिन तपासून तीव्र रक्तक्षय असलेल्यांवर गावातच उपचार करावेत आणि उरलेल्यांची नावे संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्रांना कळवावीत, असे बैठकीत ठरले. उचल आणि खाडा हे विषय आरोग्य खात्याच्या अखत्यारीत नाहीत, असेही इतिवृत्तात नोंदवले गेले.

माझ्या हाताखालच्या इंटर्न डॉक्टरांना मी आता गर्भवतीचा इतिहास घेताना मासिक पाळीच्या तारखेनंतर लगेच विचारायला लावते, की दिवाळीनंतर तुम्ही कुठे असाल आणि तिथून सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकींना तोंडपाठ असते. दुसऱ्याचे आम्ही मिळून शोधतो आणि कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून देतो.