कानात सांगितलेलं नाव

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

त्या आजी सहज बोलल्या. स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आतून पुकारा झाला, "अबोली!" तशा त्या माझ्याकडे वळल्या. "हिचंच नाव? आणि बोलत नाही म्हणून आणलंय?" मग हळहळून म्हणाल्या, "असं कसं गं नाव ठेवलंस?" मनात वाईट काही नव्हतं. त्यांचा नातूही रांगेत होताच.

तेव्हापासून तेच डोक्यात. कणीक मळताना तेच, तिला झोपवताना तेच.

बारशाला वन्सं पाळण्यावर वाकल्या, कुर्रर्र केलं आणि तिच्या कानात नाव सांगितलं. बायका पाठीत धपाटे घालत हसत होत्या. बारा दिवसांच्या जिवाला आपण सगळ्यांत आधी काय सांगितलं? बोलू नकोस. आणि तिनं ते ऐकलं.

हे खुळं आहे, कळतं मला. बेरा टेस्ट झाली, कान चांगले आहेत. तिला सगळं समजतं, हवं तिथे बोट धरून नेते. डॉक्टर म्हणाल्या, थेरपी चालू ठेवा, वेळ द्या. ह्यांनी घरी आल्यावर फाईल कपाटात ठेवून दिली आणि... असो.

नाव माझ्याच हट्टानं ठेवलं. अबोली म्हटलं की शहरातल्या माणसाला साडीचा रंग आठवतो. ठाण्यात बायका चालवतात त्या रिक्षाही अबोली. मला मात्र सावंतवाडीकडचं आजीचं अंगण दिसतं. विहिरीच्या पाण्याच्या पाटाशी तिची झाडं होती. हिरवं कणसासारखं तुऱ्याचं टोक, त्यात खालून वर चढत जाणारी फुलं, पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पसरलेल्या. वास अजिबात नाही. आजी दुपारी पायरीवर बसून वळेसर, म्हणजे गजरे, करायची. मोगरा सकाळपर्यंत तपकिरी पडायचा. अबोली तिसऱ्या दिवशीही तशीच ताजी. "फूल वासानं बोलतं," आजी म्हणायची, "हिला वास नाही, म्हणून ही अबोली." तेव्हा हे किती सुंदर वाटलं होतं!

आज तेच उलटं फिरलंय. कानडीत आणि तमिळमध्ये हेच फूल कनकांबर. सोन्याचं वस्त्र. लॅटिन नाव देणाऱ्याला त्यात नरसाळ्याचा आकार दिसला. कुणी रंग पाहिला, कुणी घडण पाहिली, आणि आपण तिच्यात जे नाही नेमकं त्यावरून तिला हाक मारली. मी लेकीचं नाव कनक का नाही ठेवलं? चार दिवस विचार करायला हवा होता. तिला मोठेपणी कळेल तेव्हा काय सांगू?

शेवटी आईला फोन लावला. रडले. आई बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "अबोली गप्प असते हे तुला सांगितलं कुणी? वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की कशी तडतडतात! परकराच्या ओच्यात गोळा करून पाटात टाकायचीस तू." विसरलेच होते. ओल लागली की बोंड फुटतं आणि बी लांब उडतं. खरं आहे. पण मला आज त्यातून शकुन काढायचा नाही. फुलावर आधीच फार लादलंय मी.

आईनं शाळेत पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलं, तेव्हा ती तिथेच थांबणार नव्हतीच. म्हणाली, "कालिदासाच्या कुमारसंभवात पार्वतीला उमा नाव कसं पडलं आठवतंय? ती तपाला निघाली तेव्हा आईनं अडवलं. 'उ मा.' अगं, नको. तेच नाव झालं. पुढे?"

"पुढे तिनं तप केलंच," मी म्हटलं.

"पानंसुद्धा खायची सोडली. अपर्णा झाली. आईचं 'नको' नावात घेऊनच गेली ती."

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. बरं वाटलं का? थोडं. मेना, म्हणजे उमेची आई, तिला काय वाटलं असेल? पोर डोंगरावर तप करत असताना घरी बसून तेच 'नको' तिची हाक म्हणून ऐकायचं.

नाव बदलायचं नाही. गॅझेटचा अर्ज वगैरे दुपारी मनात येऊन गेला होता, तो गेला.

एक गोष्ट आता लिहिताना आठवली. पुकारा झाला तेव्हा मी पर्स सावरत होते, त्या आजींना उत्तर शोधत होते. ती माझ्या आधी बाकावरून उतरली होती. "अबोली" ऐकून एकटीच दारापर्यंत चालत गेली, उंबऱ्याशी थांबली, आणि मी अजून का उठले नाही म्हणून मागे वळून बघत उभी राहिली.