'टेक्निकल रायटर' सर्च केलं तर काहीच सापडत नाही : माझा अनुभव

आमच्या टीममध्ये आम्ही दोनच टेक्निकल रायटर (सॉफ्टवेअर किंवा मशीन कसं वापरायचं ते लिहून देणारे), दोघांनाही एकाच मीटिंगमध्ये नारळ मिळाला. आमच्या भागात आधीच मंदी, सॉफ्टवेअर कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या आणि त्यांचं म्हणणं काय, तर डॉक्युमेंटेशन डेव्हलपरच करतील की! जॉब साइटवर टेक्निकल रायटर टाकलं की त्याच तीन जाहिराती, त्यातली एक तर वर्षभर तशीच पडून होती. एका ठिकाणी टेस्ट म्हणून बारा पानी इन्स्टॉलेशन गाइड लिहून घेतलं, मी रात्रभर जागून दिलं, नंतर ना मेल ना फोन. फुकटात काम उरकून घेतलं हे माझ्या डोक्यात जरा उशिराच शिरलं.

चार महिने असेच गेल्यावर मी पदाचं नाव शोधणं सोडलं आणि मॅन्युअल कुणाला लागतं ते बघायला लागलो. युरोपला मशीन विकायचं तर सीई मार्किंग (मशीन युरोपच्या सुरक्षा नियमांत बसतं असं सांगणारी खूण) लागतं, आणि युरोपियन युनियनच्या २००६/४२/ईसी या मशिनरी डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे मशीनविषयीच्या कायद्यात, मशीनसोबत सूचनापुस्तिका द्यायचीच असं आहे, तीही ज्या देशात मशीन चालणार तिथल्या अधिकृत भाषेत. म्हणजे इथला धंदा बसला तरी एक्स्पोर्टवाल्याला मॅन्युअल काही चुकत नाही.

असाच एका पॅकिंग मशीनवाल्यांकडे गेलो. त्यांचं मॅन्युअल डिझाइन इंजिनियरने वेळ मिळेल तसं लिहिलेलं. पायरी ४, 'कव्हर काढा'. आणि पायरी ६ च्या खाली वॉर्निंग, 'कव्हर काढण्यापूर्वी मेन सप्लाय बंद करा'! तोवर माणूस चिकटलाच की. मी तेवढं एकच पान नव्याने करून नेलं, वॉर्निंग वर घेतली, एका पायरीत एकच काम, वाक्य २० शब्दांच्या आत (एएसडी-एसटीई१०० या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीत पायऱ्यांना हीच मर्यादा आहे, मी जन्मभर एपीआय डॉक्स, म्हणजे प्रोग्रामरसाठीची सॉफ्टवेअरची माहिती लिहिलेली, मलाही ते तेव्हाच कळलं). साहेबांनी स्वतः न वाचता पान सर्व्हिसवाल्याकडे सरकवलं. तो म्हणाला, "हे आधी असतं तर माझे निम्मे फोन वाचले असते."

सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, पगार आधीपेक्षा कमी, आणि पद काय तर 'इंजिनियरिंग असिस्टंट', कारण एचआरच्या यादीत रायटर नावाचं पदच नाही. आता दुसऱ्या मशीनचं मॅन्युअल घेतलंय, ड्रॉइंगसाठी रोज डिझाइनवाल्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो.