लग्नपत्रिकांच्या टेबलावर पॉप आर्ट : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय मुळात स्क्रीन प्रिंटिंगचा, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर बाबांनी तो सुरू केला. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, साडीच्या दुकानांच्या कापडी पिशव्या, कारखान्यांचे स्टिकर, असं मिळेल ते काम. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू व्हायचा. कोणी पत्रिका वाळत घालायचं, कोणी पाकिटात भरायचं, आणि आजी प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पत्रिकेला हळदकुंकू लावायची. पुढे हे काम आटत गेलं. आमंत्रणं फोनवर जाऊ लागली आणि ज्यांना कागदी पत्रिकाच हवी त्यांना डिजिटल छपाई परवडू लागली.

आज त्याच टेबलांवर मुलं पॉप आर्ट शिकतात, म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक यांना चित्रात आणणारी कला. सुट्टीतली शिबिरं, शाळांमधल्या कार्यशाळा आणि घरपोच जाणारे साहित्याचे संच, हेच आता आमचं मुख्य काम आहे. पत्रिका अजूनही छापतो, पण ओळखीच्यांच्या.

पालक हमखास विचारतात, मुलांना पॉप आर्टच का? मी अप्लाइड आर्ट शिकले, काही वर्षं जाहिरात कंपनीत काम केलं. कलेच्या इतिहासाच्या तासाला कितीतरी चळवळी बघितल्या. त्यात मला आमच्या घरातलं सामान पहिल्यांदा दिसलं ते पॉप आर्टमध्ये : जाळी ताणलेली फ्रेम, शाई ओढायची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, आणि शाई. कलाकार छापतोय, आणि छापलेलं चित्र संग्रहालयात लागतंय. बाबांनी आयुष्यभर जे केलं ते या चळवळीच्या अगदी मध्यभागी होतं. मुलांना हे शिकवायला आमच्याएवढी योग्य जागा दुसरी नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

बाबांच्या काळापासून आमच्याकडे एक कारागीर आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं केलेलं मेरिलिन मन्रो या नटीचं चित्र मी त्यांना पुस्तकात दाखवलं तेव्हा ते चष्मा पुसून म्हणाले, “रजिस्ट्रेशन हललंय, ताई. ओठांचा रंग बाहेर आलाय. आपल्याकडून असं शीट गेलं असतं तर पार्टीनं अख्खा जॉब परत पाठवला असता.” रजिस्ट्रेशन म्हणजे एकावर एक छापलेले रंग नेमके जुळणं. चित्राचं मर्म त्यांनी एका नजरेत सांगितलं होतं. वॉरहॉलनं १९६२ मध्ये फोटो छपाईच्या जाळीवर उतरवून छापायला सुरुवात केली. मेरिलिन गेल्यानंतर तिच्या एका चित्रपटाचा प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो घेऊन त्यानं तो पुन्हापुन्हा छापला. कुठे शाई जास्त आली, कुठे फिकी पडली, कुठे रंग रेषेबाहेर गेला. ते सगळं त्यानं तसंच ठेवलं. छापता छापता तोच चेहरा कसा झिजत जातो, ते मुलांना स्वतः स्क्वीजी ओढल्यावर कळतं. सलग छापताना जाळी बुजत जाते आणि चित्र धूसर होतं. हे मी तोंडानं कितीही सांगितलं तरी पोचलं नसतं.

वॉरहॉलच्याच सूपच्या डब्यांच्या चित्रांचं मात्र उलटं आहे. पुष्कळांना वाटतं तेही छापलेले आहेत. १९६२ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत वॉरहॉलनं कॅम्पबेल सूपच्या डब्यांचे ३२ कॅनव्हास मांडले, प्रत्येक चवीचा एक. किराणा दुकानातल्या मालासारखे ते फळीवर ओळीनं ठेवले होते. ते सगळे हातानं रंगवलेले होते. डब्याच्या खालच्या पट्टीवरची नक्षी तेवढी ठशानं उठवलेली. मग आमची लहान मुलं बटाट्याचा ठसा कापतात आणि एक सरळ पट्टी उठवायला बसतात. ठसे एका ओळीत, सारख्या अंतरावर आणणं किती अवघड असतं हे समजलं की ३२ डब्यांकडे बघायची नजर बदलते.

आपल्या मुलांच्या घरात ते सूप नसतं, म्हणून आम्ही सांगतो की स्वयंपाकघरात जे रोज दिसतं ते आणा. चहाचा पुडा येतो, बिस्किटाचा येतो, हिंगाची डबी येते, उदबत्तीचं खोकं येतं. ते समोर ठेवून मी विचारते, हे कोणी काढलं? पहिलं उत्तर येतं, “कंपनीनं.” दुसरं येतं, “कॉम्प्युटरनं.” मग बराच वेळ कोणी बोलत नाही. आमचा खरा तास तिथून सुरू होतो.

कारण वॉरहॉलनं १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत ब्रिलोच्या खोक्यांसारखी लाकडी खोकी रचली. पण भांडी घासायच्या त्या साबण भरलेल्या तारेच्या घासणीचं मूळ खोकं जेम्स हार्वी नावाच्या माणसानं काढलं होतं. हार्वी स्वतः अमूर्त चित्रं काढणारा चित्रकार. पॅकेजिंगचं काम तो पोटासाठी करायचा. १९६५ मध्ये तो गेला. कलेच्या इतिहासात वॉरहॉलचं नाव पहिल्या ओळीत आलं आणि हार्वीचं तळटीपेत. छापखान्यात वाढलेल्या मुलीला हे टोचतं. बाबांनी काढलेल्या किती बोधचिन्हांवर दुकानं उभी राहिली आणि त्यांचं नाव कुठेच नाही. म्हणून आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही : मोठ्या कलाकाराचं नाव सांगितलं की त्यामागच्या हाताचंही नाव सांगायचं. वॉरहॉलच्या सुरुवातीच्या रेखाचित्रांवरचं वळणदार अक्षर त्याची आई जुलिया वॉरहोला हिचं होतं, हेही आमच्या मुलांना माहीत असतं.

या नियमाचा सगळ्यात जास्त उपयोग कॉमिकवरून चित्रं करणारा अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन शिकवताना होतो. सुरुवात भिंगानं होते. प्रत्येक मुलाच्या हातात एक भिंग आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं पान. रंगीत फोटोवर भिंग धरलं की निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतात आणि खोलीत एकच गलका होतो. मग मामा पुढचं दाखवतात : फोटोतले ठिपके कुठे मोठे, कुठे बारीक असतात आणि त्यावरून उजेड-सावली तयार होते. जुन्या स्वस्त अमेरिकन कॉमिकमध्ये सपाट रंग भरायला सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे ठिपके वापरत. बेंजामिन डे यांनी १८७९ मध्ये ही पद्धत काढली आणि ते त्यांच्याच नावानं बेन-डे ठिपके झाले. पांढऱ्यावर लाल ठिपके दिले की लांबून गुलाबी कातडी दिसते, शाई एकच लागते. लिक्टेनस्टाइननं हे छपाईतलं काटकसरीचं तंत्र उचललं आणि भिंतीएवढं मोठं करून हातानं रंगवलं. भोकांचा पत्रा कॅनव्हासवर धरून त्यातून तो रंग दाबायचा. आम्ही तसा पत्रा बोहरी आळीतून आणला, त्याच्या कडा घासून बोथट केल्या, आणि मुलं त्यातून ब्रशनं रंग ठोकतात. पत्रा उचलताना किंचित सरकला तर सगळे ठिपके फरफटतात. सरळ वर उचलायचा, हे हाताला बसायला एक सकाळ जाते.

त्याचं ‘व्हॅम!’ हे १९६३ चं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. दोन कॅनव्हास मिळून सुमारे चार मीटर रुंद. डावीकडे रॉकेट सोडणारं विमान, उजवीकडे स्फोट. ते १९६२ मध्ये छापून आलेल्या युद्धकथांच्या एका कॉमिकमधल्या चौकटीवरून घेतलेलं आहे आणि ती चौकट अर्व्ह नोविक यांनी काढली होती. दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगितलं की मुलांमध्ये जुंपते. “ही तर कॉपी झाली, बाई!” “नाही, त्यानं बदललंय, ते दुसरं विमान काढलंच नाही.” “मग नाव का नाही लिहिलं त्यांचं?” मी निकाल देत नाही. मला स्वतःला लिक्टेनस्टाइनची चित्रं अतिशय आवडतात आणि नोविक यांचं नाव चित्राशेजारी असायला हवं होतं असंही वाटतं. दहा-अकरा वर्षांची मुलं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरू शकतात.

शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचा आठवडा सगळ्यात धुमाकुळाचा. १९६२ मध्ये त्यानं कापडाचा, आत फोम आणि खोकी भरलेला, माणसाच्या उंचीहून रुंद बर्गर केला आणि जमिनीवर ठेवला. टोरंटोच्या संग्रहालयानं १९६७ मध्ये तो विकत घेतला तेव्हा तिथल्या कलाविद्यार्थ्यांनी केचपची भलीमोठी बाटली करून आणली आणि निषेध केला. ही गोष्ट मुलांना दरवर्षी परत ऐकायची असते. ओल्डेनबर्गच्या या मऊ शिल्पांची शिलाई त्याची तेव्हाची पत्नी पॅटी हिनं केली. आमच्याकडे गोधड्या शिवणाऱ्या एक मावशी येतात. जुन्या चादरींचा वडापाव होतो, गादीवाल्याकडून कापूस येतो, हिरवी मिरची एक मूल एकट्यानं उचलू शकणार नाही एवढी. टाका कुठे दुहेरी घ्यायचा हे मावशी सांगतात, आणि खालच्या कार्डावर पहिलं नाव त्यांचं असतं.

सिस्टर कोरिटा यांची ओळख मला फार उशिरा झाली आणि आता माझ्या मते मुलांसाठी सर्वांत मोलाची कलाकार तीच. लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात शिकवणारी ही ख्रिस्ती जोगीण स्क्रीन प्रिंटिंग करायची. वॉरहॉलचे सूपचे डबे तिनं १९६२ मध्येच पाहिले आणि त्यानंतर पावाच्या, टोमॅटोच्या जाहिरातींतले शब्द उचलून प्रार्थनेच्या आणि शांततेच्या चित्रांत आणले. विद्यार्थ्यांना ती पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून द्यायची. त्यातून एका वेळी एवढंच बघा, बाकीचं विसरा. आम्ही तसे पुठ्ठे घेऊन मुलांना मंडईत नेतो. एकदा एका मुलानं केळीवाल्याच्या पाटीवरचा फक्त ‘ळ’ टिपून आणला आणि तेवढ्यावर त्याचं अख्खं पोस्टर झालं.

संचांकडे आम्ही वळलो ते २०२० मध्ये, टाळेबंदीत शिबिरं बंद पडल्यावर. घरात फ्रेम कुठून येणार? भरतकामाच्या रिंगमध्ये ऑर्गंझा, म्हणजे पातळ जाळीदार कापड, ताणून बसवला, कागदाची स्टेन्सिल, आणि स्क्वीजीच्या जागी प्लास्टिकचं जुनं कार्ड. शाई पाण्यात धुतली जाणारी, कापडावर चालणारी. आमच्या नेहमीच्या शाया आणि त्यांची थिनरं मुलांच्या जवळपासही नकोत, हे पहिल्यापासून ठरलेलं. पाण्याच्या शाईची एकच अट असते. छापून झालं की लगेच जाळी नळाखाली धरायची, नाहीतर शाई वाळून भोकं कायमची बुजतात. हे वाक्य संचाच्या झाकणावर आतून सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलं आहे.

संचात मूळ चित्रांच्या प्रती आम्ही देत नाही. आपल्या कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. वॉरहॉल १९८७ मध्ये गेला, लिक्टेनस्टाइन १९९७ मध्ये. चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोफत बघता येतात, तिथे मुलांना पाठवतो. जे इतरांच्या नावाचा आग्रह धरतात त्यांनी स्वतः उचलून छापणं बरोबर नव्हे. विक्रेते म्हणाले, खोक्यावर मेरिलिन टाका, खपेल. नाही टाकली. एका शाळेनं स्नेहसंमेलनासाठी प्रत्येक मुलाचा फोटो फोनवर चार रंगांत करून भिंत सजवायची मागणी केली, तेव्हा ते कामही सोडलं. त्या महिन्यात पैशांची ओढाताण झाली, पण त्या भिंतीत मुलांच्या हाताला काहीच मिळालं नसतं.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठवीच्या पुढच्यांसाठी, आम्ही मुळांकडे जातो. पॉप आर्टची सुरुवात लंडनमधून होते : एदुआर्दो पाओलोत्सी या कलाकाराची मासिकांची कात्रणं, १९५६ मध्ये व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टननं केलेलं घराचं कोलाज. त्यातली काही कात्रणं लहानांसाठी नाहीत, म्हणून हा भाग वेगळा. याच गटाला जेम्स रोझेनक्विस्टही भेटतो. न्यूयॉर्कमध्ये शिडीवर चढून जाहिरातींचे फलक रंगवताना मिळालेला हात त्यानं चित्रांत आणला. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवणारे एम. एफ. हुसेन इथे आपोआप आठवतात, आणि मुलं घरी जाऊन आजोबांना होर्डिंगबद्दल विचारतात.

सध्या टेबलावर चित्रकार भूपेन खख्खर आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा नवा संच. मुंबईत १९३४ मध्ये जन्मलेले, व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, पुढे बडोद्याला स्थायिक झालेले. सुरुवातीच्या कोलाजमध्ये त्यांनी बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी वापरल्या. १९७२ च्या सुमारास त्यांनी घड्याळ दुरुस्तीचं दुकान रंगवलं, न्हाव्याचं दुकान रंगवलं, आणि ती माणसं त्यांच्या कामासकट चित्रात आली. या संचात मूल आपल्या गल्लीतल्या एका दुकानात जाईल, मालकाची परवानगी घेईल, दुकान काढेल, आणि पाटी कोणी रंगवली ते विचारून चित्राखाली लिहील. पाट्या रंगवणाऱ्या दोघांशी आम्ही बोललो आहोत, अक्षर कसं आखतात ते ते मुलांना दाखवायला येणार आहेत. रंगांचे नमुने मामांकडे तपासायला आहेत. गुलाबी त्यांना अजून पसंत नाही. तो जमला की शाळा सुरू व्हायच्या आधी संच बाहेर पडेल.