दाखल करावे की घरूनच उपचार घ्यावेत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: दारू सोडवण्यासाठी माणसाला कुठेतरी महिना-दोन महिने ठेवावे, की घरी राहूनच औषध सुरू करावे? हा प्रश्न बहुधा रुग्ण विचारत नाही. तो बाहेर बाकावर बसलेला असतो, किंवा तंबाखू थुंकून येतो म्हणून गेटबाहेर गेलेला असतो. विचारणारी पत्नी असते, आई असते, कधी मेहुणा असतो, आणि त्या विचारण्यात उपचारापेक्षा सुटकेची निकड अधिक असते. “मॅडम, कुठंबी ठिवा, पन सा महिने घरी धाडू नका.” त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही; रोज रात्री दाराला आतून कडी लावून लेकरांना कवटाळून बसणाऱ्या बाईने विश्रांती मागितली, तर ती मिळायलाच हवी. परंतु तिची विश्रांती आणि त्याचा उपचार या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी असू शकतात.

उत्तर देण्याआधी मीच तीन गोष्टी विचारते. दिवसातली पहिली दारू किती वाजता लागते, एखाद्या दिवशी मिळाली नाही तर काय होते, आणि पूर्वी कधी फिट आली होती का. पुष्कळदा विचारण्याचीही गरज पडत नाही. केसपेपरवर सही करताना उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवणारा माणूस दिसला, की ‘सकाळची लागते’ हे कळते आणि निम्मा निर्णय तिथेच होतो. वर्षानुवर्षे रोज दारू मिळणारा मेंदू तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. चढाला गाडी ओढणाऱ्या बैलांचा भार एकाएकी सुटावा आणि ते पुढे कोसळावेत, तसे दारू अचानक बंद झाल्यावर त्या मेंदूचे होते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. आमच्या वॉर्डात असा एक ऊसतोड कामगार पलंगावर उकिडवा बसून रात्रभर हवेत कोयता चालवत होता, मोळी बांधत होता आणि गाडी भरायला उशीर झाला म्हणून बायकोला हाका मारत होता. गावाकडे यालाच ‘बाहेरचे लागले’ म्हणतात आणि रुग्णालयाऐवजी देवऋषी गाठतात. उपचार न मिळाल्यास ही अवस्था जीवावर बेतू शकते.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या दारू लागणाऱ्याला, पूर्वी फिट किंवा भ्रम झालेल्याला, कावीळ, पोटात पाणी होणे किंवा रक्ताची उलटी असणाऱ्याला, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला आणि घरात रात्री लक्ष ठेवणारे कोणीही नसणाऱ्याला मी घरी राहून सोडण्याचा सल्ला देत नाही. त्याला आधी रुग्णालय हवे, आणि व्यसनमुक्ती केंद्राचा विचार त्यानंतर. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये हे त्यासाठीचे जवळचे मार्ग आहेत. तिथे पाच ते दहा दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या औषधांचा डोस आधी पुरेसा देऊन मग रोज थोडा थोडा उतरवतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सुईने देतात. हे थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत जायला हवे, कारण ते कमी असताना नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी तिथल्या डॉक्टरांना माणूस रोज दारू पितो हे स्पष्ट सांगावे. लाजेपोटी ही माहिती दडवली जाते. पाय मोडला म्हणून भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी अचानक बरळू लागतो, त्यामागेही बहुधा हीच दडवलेली माहिती असते.

माळ घालण्याविषयीही इथेच लिहिते, कारण आपल्याकडे तो उपाय डॉक्टरांपेक्षा आधी सुचवला जातो. तुळशीची माळ घातल्यावर कित्येकांची दारू सुटली आहे आणि पुढची अनेक वर्षे सुटलेली राहिली आहे, हे मी पाहिलेले आहे. भजनाची संगत, एकादशी, गावाने ठेवलेला मान यांचा आधार आमच्या समुपदेशनाच्या तासाभरापेक्षा मोठा असतो. मात्र ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याने माळ घालण्याआधी आठवडाभर औषध घ्यावे. श्रावण लागला म्हणून एकदम बंद करणाऱ्यांपैकी काही जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्ट्रेचरवरून आमच्याकडे येतात.

शहरात ‘बटन’ म्हणून मिळणाऱ्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांनाही अचानक बंद करण्याचा हाच नियम लागू आहे, आणि तेलंगणाच्या सीमेलगत मिळणाऱ्या भेसळीच्या शिंदीलाही, कारण तिच्यात अल्प्राझोलाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळलेले असू शकते. या गोळ्यांची मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते. वीस वर्षांच्या मुलाला खोलीत कोंडून ‘दोन दिवस ओरडेल, मग शांत होईल’ म्हणणे धोक्याचे आहे. गांजाच्या बाबतीत शरीराला असा धोका बहुतेक नसतो, त्यामुळे मनाचा आजार सोबत नसेल तर बाह्यरुग्ण उपचार पुरेसे ठरतात. ब्राऊन शुगर किंवा कोडीनच्या सिरपची, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेची, गोष्ट उलट आहे: तिथे सोडतानाच्या त्रासाने सहसा जीव जात नाही, पण महिनाभर केंद्रात राहून बाहेर आलेल्याने जुन्याच मात्रेत पुन्हा घेतले तर जातो, कारण मधल्या काळात शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते. अशांना त्याच जातीचे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देखरेखीखाली दीर्घकाळ देणे अधिक सुरक्षित असते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा त्यावरचा आक्षेप मला पटत नाही.

आता निवासी केंद्रांविषयी. पुण्यातील मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केले, आणि महाराष्ट्रात व्यसनमुक्ती केंद्र कसे असावे याचा नमुना त्यातून उभा राहिला: सुमारे पाच आठवड्यांचा मुक्काम, ठरलेली दिनचर्या, गटचर्चा, व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच नव्यांना सांभाळणे आणि पत्नीसाठी वेगळे समुपदेशन. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात तीही केंद्रे आहेत. जवळचे केंद्र कोणते, हे १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. घरात किंवा वस्तीत दारूपासून बाजूला होणे अशक्य असेल, ओपीडीतून दोन-तीनदा प्रयत्न होऊनही पुन्हा सुरू झाली असेल, किंवा नैराश्यासारखा दुसरा आजार सोबत असेल, तर असा मुक्काम खरोखर उपयोगी पडतो.

पण गेल्या काही वर्षांत ‘आम्ही गाडी घेऊन येतो आणि घरून उचलून नेतो’ असे सांगणारी ठिकाणेही वाढली आहेत, आणि त्यांच्याविषयी मी कठोर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यानुसार आस्थापनेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीने दाखल होतो. त्याची निर्णयक्षमता तात्पुरती हरपलेली असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येते. साखळदंडाला आणि सक्तीने डोके भादरण्याला कायद्याने मनाई आहे. एका केंद्रातून परतलेल्या मुलाच्या घोट्यावर मी कुलपाच्या कडीचा काळा वण पाहिला होता. त्याच्या वडिलांनी त्यासाठी एक एकर गहाण टाकले होते. पैसे भरण्याआधी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेतात हे विचारावे, स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ असे कोणी सांगितले, तर तिथून उठावे.

घरी राहून उपचार घेणे म्हणजे गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघून जाणे, हा गैरसमज रुग्णांइतकाच काही डॉक्टरांचाही आहे. नीट केलेल्या बाह्यरुग्ण उपचारात पहिला आठवडा रोज किंवा दिवसाआड यावे लागते, गोळ्या पत्नीच्या किंवा भावाच्या ताब्यात राहतात आणि दारू पिऊन आल्यास त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत. त्यानंतर ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट ही औषधे असतात; लिव्हर बिघडलेले असेल तेव्हा बॅक्लोफेनचा विचार होतो. डायसल्फिराम हे औषध वेगळ्या जातीचे आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणूनच ते रुग्णाला माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. बसस्थानकाच्या भिंतीवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिराती वाचून वरणात पूड कालवणाऱ्या बायांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण त्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही.

ज्यांना शरीराचा धोका नाही आणि घरी माणूस आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग कमी प्रतीचा आहे असे समजू नये. लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर विवाहित मद्यासक्त पुरुषांवर केलेला अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सविस्तर तपासणीनंतर पती-पत्नीला एकत्र बसवून एकच सल्ल्याची बैठक दिली होती, निम्म्यांना गरजेप्रमाणे दाखल करण्यासह सगळे उपचार देऊ केले होते, आणि वर्षानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या तपशिलातले माझे लक्ष एका गोष्टीने वेधले: सल्ला मिळालेल्या घरांतही दरमहा कोणीतरी पत्नीकडे चौकशी करत होते.

अडचण आपल्याकडे अंतराची आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या राष्ट्रीय व्यसन-उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारची मदत मिळाल्याचे आढळले. रोजची मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून, दोघांनी दर आठवड्याला यायचे म्हटले की तिसऱ्या खेपेला खंड पडतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी येते, तो दिवस विचारून ठेवावा, आणि मधल्या काळात बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वापरावा. चेन्नईच्या टीटीके रुग्णालयाने तमिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात तिसरा मार्ग काढून दाखवला आहे: डॉक्टर आणि समुपदेशकांनीच गावात येऊन पंधरा दिवसांचे शिबिर घ्यायचे, गावानेच जागा आणि जेवण पुरवायचे, आणि नंतरचा पाठपुरावाही तिथेच करायचा. आपल्याकडच्या हरिनाम सप्ताहाची व्यवस्था पाहिलेल्या कोणालाही हे अवघड वाटू नये. सात दिवस शेकडो पाने उठवणाऱ्या गावांना पंधरा माणसांचे पंधरा दिवसांचे जेवण जड नाही.

शेवटी वेळेविषयी, कारण बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत तोच निर्णायक असतो. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात पडते, आणि पुढे पाच-सहा महिने कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या वस्तीवर, ओपीडी नसते, गुत्ता मात्र असतो. भाद्रपदात महिनाभर केंद्रात राहून घटस्थापनेला सुटी मिळालेला माणूस पंधरा दिवसांत फडावर जातो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा पिऊ लागतो; मग घरचे म्हणतात, ‘पैसे गेले, केंद्राचा उपयोग नाही.’ अशा घरांना मी सांगते की उपचाराची सुरुवात चैत्र-वैशाखात, कोयता (ऊस तोडणारे जोडपे) परत आल्यावर करा, म्हणजे पाठपुराव्याला निदान पाच महिने मिळतात. त्या पाच महिन्यांत महिन्यातून एकदा ओपीडी, जवळ ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा परस्पर-मदत गट) बैठक भरत असेल तर तिथे आठवड्यातून एकदा हजेरी, आणि हातात आलेला पैसा बायकोच्या खात्यावर, एवढे जमले तर पुढच्या हंगामाला तो निराळ्या तयारीने जातो. जाताना केसपेपर, औषधांच्या नावांची चिठ्ठी आणि दोन महिन्यांची औषधे सोबत द्यावीत. ज्या जिल्ह्यात कारखाना आहे तिथल्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते आणि तोच कागद तिथे चालतो. मध्येच एखाद्या दिवशी घेतली, तर पाडव्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन तिथे जावे, आणि पुन्हा पहिल्यासारखी रोज सुरू झाली असेल तर एकदम बंद न करता जावे.