सात मंगळसूत्रं आणि लातूरचे काका

आमच्या टूर मॅनेजरच्या लाईनमधल्या कुणालाही विचारा, टूरचा सगळ्यात डोक्याला ताप दिवस म्हणजे वॉटरपार्कचा. म्युझियममध्ये लोकं कंटाळतात पण निदान एका जागी कंटाळतात, इथे गेटच्या आत पाय पडला की २६ माणसं २६ दिशांना आणि मी बॅगा राखत बसलेलो.

सायप्रसचा ग्रुप होता, जूनमधला. हॉटेल लार्नाकाला आणि एक दिवस आय्या नापाच्या वॉटरपार्कला. सगळं ग्रीक पुराणातलं आहे तिथे, लाकडी ट्रोजन घोडा काय, मेडुसा काय, लाटांच्या तलावाला तर पोसायडनचंच नाव, म्हणजे त्यांचा समुद्राचा देव. कपड्यांचं मी पुण्यातल्या मीटिंगमध्ये सांगितलेलं, व्हॉट्सॅपवर टाकलेलं, बसमध्ये परत माईकवर सांगितलं की नायलॉनचेच घाला, कॉटन पाणी पितं आणि माणूस घसरगुंडीत मधेच अडकतो, आणि जीन्सची हाफ पँट तर नकोच, तिच्या बटणांनी फायबरला ओरखडे पडतात. तरी गेटवर तिघंजण जीन्सच्या बर्म्युडात उभे! त्यांना दुकानात नेऊन युरो मोजायला लावले, तर वाईट मीच.

मग दागिने. स्लाईडवर गळ्यात काही चालत नाही म्हटल्यावर काकू मंडळींची कुजबुज झाली, लॉकर आहे म्हटलं तर त्यावर कुणाचा विश्वास नाही, शेवटी माझ्या पासपोर्टच्या पाऊचमध्ये सात मंगळसूत्रं आली. दिवसभर मी ते पाऊच गळ्यात घालून फिरतोय आणि दर दहा मिनिटांनी चाचपतोय.

आणि एक काका. लातूरचे, पाणीपुरवठ्यात नोकरी करून रिटायर झालेले. ते फुल शर्ट-पँटीत लाटांच्या तलावाकाठी खुर्ची टाकून बसलेले, पोरंसोरं किंचाळतायत आणि हे पाण्याकडे एकटक बघतायत. मला वाटलं बरं नाही बिरं.

"मॅनेजर, हे पाणी कुठनं आणलं हो यांनी?"

"काका, समुद्र आहे की बाजूलाच."

"ते खारं. हे गोडं आहे, मी चाखून बघितलं. क्लोरीन जरा जास्तीच मारलंय."

चाखून! मला हसू आलं, पण उत्तर काही येईना. चार-पाचदा आलोय मी इथे, तिकिटाचे रेट तोंडपाठ, पण हा प्रश्न कधी डोक्यात आलाच नाही. मग काकांनीच शिकवणी घेतली, की तेच पाणी फिल्टर होऊन परत वर चढतं, नवीन भरावं लागतं ते उन्हात उडालेलं, लोकांबरोबर बाहेर सांडलेलं आणि फिल्टर धुताना गेलेलं. "पण पहिल्यांदा भरलं असंल ते? आणि उडतंय तेवढं रोज?"

दुपारी त्यांची बीपीची गोळी बसमध्ये राहिलेली म्हणून आम्ही दोघं पार्किंगला गेलो. ड्रायव्हर लार्नाकाचाच, पन्नाशीचा, सावलीत हलूमी चीजचा पाव खात बसलेला. काकांनी त्यालाही तेच विचारायला लावलं, मी मधे दुभाषा. तो आधी हसला, मग सांगायला लागला. २००८ चा दुष्काळ, धरणं कोरडी, नळाला रोज पाणी नाही, घरोघरी गच्चीवरच्या टाक्या जपून वापरायचे, आणि प्यायचं पाणी ग्रीसहून जहाजाने आणलं.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "जहाजानं? नीट विचार."

नीट विचारलं. जहाजानेच, टँकर, लिमासोल बंदराला.

मग काकांची पाळी. २०१६, एप्रिल, लातूर, मिरजेहून रेल्वेने पाणी, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, जवळपास साडेतीनशे किलोमीटर. मी ट्रेन म्हणालो तर ड्रायव्हरला वाटलं माझं इंग्लिश चुकतंय. काकांनी मग हातानेच रूळ काढून दाखवले, झुकझुक आवाज केला. तो पाव हातात धरून बघतच राहिला. त्याला ट्रेन पटत नव्हती, ह्यांना जहाज पटत नव्हतं आणि दोघांचा संशय माझ्यावर!

मग बोअरवर गाडी आली. येताना शेतातल्या लोखंडी पवनचक्क्या दिसलेल्या ना, लाल मातीत बटाटे होतात तिथे, त्या खालचं पाणी वर ओढायच्या. इतकं ओढलं की खाली समुद्राचं खारं पाणी शिरलं, असं तो म्हणाला. काकांनी नुसती मान हलवली. आमच्याकडे खारं येत नाही, नुसतं धुरळा येतो, हे मला भाषांतर करायला सांगितलं. मला काही जमलं नाही नीट.

आता प्यायला समुद्राचंच पाणी गोडं करतात, १९९७ पासून, वाटेवरच्या धेकेलियाला, पॉवर स्टेशनच्या शेजारी. तो पट्टा अजून ब्रिटिशांच्या लष्करी तळाचा आहे. काका म्हणाले आपल्याला ते बघायचंय. म्हटलं काका, आयटिनररीत नाही.

साडेचारला हजेरी घेतली तर २५. काका गायब. काकू शांत, मला घाम. माईकवरून नाव पुकारावं म्हणून ऑफिसकडे निघालो तर वाटेत पार्कातल्या संथ वाहत्या कालव्यात काका ट्यूबवर आडवे, पुतण्याची भडक हिरवी नायलॉनची चड्डी घालून.

"फोर्स बघत होतो," म्हणाले, "एक राऊंड अजून मारतो."

बसमध्ये मंगळसूत्रं परत केली. दोन अगदी सारखी निघाली, त्यावरून दहा मिनिटं गेली. ड्रायव्हरने मला न विचारता हायवे सोडून किनाऱ्याचा जुना रस्ता घेतला, पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसल्यावर बस स्लो केली आणि आरशातून मागे बघत बोट दाखवलं. बाकीचे झोपलेले. काकांनी ओल्या डोक्याने खिडकीतून तीन फोटो काढले, तिन्ही हललेले, आणि जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. पहिला रिप्लाय लगेच आला, तो त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला: "साहेब, स्लाईडवर गेलात का नाही?"