पाणी घालू नका सांगून चाललेला धंदा: आमची वाटचाल

मी मूळचा माण तालुक्यातला. 2009 ला अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत लँडस्केपिंगचं, म्हणजे बागा आखून लावून द्यायचं काम सुरू केलं, एक जुना पिकअप, दोन फावडी आणि अर्धवेळ एक माणूस. आईला फोनवर सांगितलं की इथं वर्षाला जेमतेम नऊ इंच पाऊस पडतो, तर म्हणाली, "आरं, दुष्काळच बघायचा हुता तर हितं काय कमी हुता?"

आज आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच झाडाचं आहे, पिन्योन, पाइनचीच एक जात. न्यू मेक्सिकोचं राज्यवृक्ष आहे ते, 1949 पासून. दिवाळीच्या सुक्यामेव्यात तो महागडा चिलगोजा असतो ना किन्नौरचा, त्याचा हा अमेरिकन चुलतभाऊ समजा. बुटका, गोलसर, सुया दोन-दोनच्या जोडीनं, आणि वाढ इतकी सावकाश की वीस फूट व्हायला गिऱ्हाइकाची मुलं कॉलेजला जातात.

पहिलंच मोठं काम मिळालं ते मीच घालवलं. एका घरासमोर सहा पिन्योन लावले, आठ-आठ फुटी, लॉनच्या कडेला, आणि स्प्रिंकलर रोज चालू. शेतकऱ्याचं पोरगं मी, नवीन झाड म्हणजे पाणी हवंच, एवढंच डोक्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात चार झाडं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून वाढवलं (हसू नका). शेवटी एक उकरून काढलं तर मुळं काळी आणि वास अगदी तुंबलेल्या गटारासारखा. आमचा फोरमन इकडचाच, लहानपणापासून आजीबरोबर डोंगरात पिन्योनचे दाणे वेचलेला, त्यानं मातीचा गोळा हातात पिळला, पाणी टपकलं, आणि विचारलं, "इथं मिरची लावायची होती का?" वॉरंटीमध्ये चारही झाडं बदलून दिली, त्या वर्षीचा सगळा नफा त्यात गेला.

तेव्हापासून पद्धत बदलली. खड्डा खोल नाही, रुंद खणायचा, गोणपाटात बांधलेला मुळांचा गोळा जमिनीपेक्षा इंचभर वरच ठेवायचा, शेणखत कंपोस्ट काही नाही, वर खडी. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा सावकाश खोल पाणी, मग अंतर वाढवत तिसऱ्या वर्षी महिन्याला एकदा, कोरड्या हिवाळ्यात पण. लॉनचा स्प्रिंकलर झाडापर्यंत पोचला तर वॉरंटी रद्द, हे इस्टिमेटवर मोठ्या अक्षरात लिहितो. यावरून दोन-चार गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

पण याचा अर्थ कधीच पाणी नको असा नाही हां. 2002-03 च्या दुष्काळात इकडे लाखो पिन्योन वाळले. कोरडं पडलं की हे झाड पानांची छिद्रं लवकर मिटून घेतं, शेजारचं ज्युनिपरचं झाड मात्र पाणी ओढत राहतं. पाणी वाचतं, पण दुष्काळ लांबला की झाडाला अन्न कमी पडतं, राळ आटते, आणि साल पोखरणारा किडा घुसला तर त्याला बाहेर ढकलायला राळच हवी असते. खोडावर पॉपकॉर्नसारखे राळेचे गोळे दिसले की समजायचं लढाई सुरू आहे. म्हणून छाटणी फक्त थंडीत, आणि ताजी तोडलेली लाकडं झाडाजवळ रचायची नाहीत.

कुठं लावायचं यावर आम्ही जास्त वेळ घालवतो. वारा अडवायला, शेजाऱ्याची खिडकी झाकायला एकदम मस्त, खाली चमिसाची झुडपं आणि ब्लू ग्रामा गवत, की बागेला वर्षभर रंग. घराला चिकटून मात्र नाही, राळ भडकते, जंगलाकडेच्या घरांना तर आम्ही तीस फूट लांबच लावतो. आणि पार्किंगवर तर अजिबात नाही, एका बाईंनी नव्या गाडीवर राळ पडली म्हणून मला सकाळी सहाला फोन केलेला.

तीच राळ आमच्या हातांना पण चिकटते, साबणानं जात नाही. आई तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिनं फोरमनच्या तळहातावर खोबरेल तेल चोळून दाखवलं, दोन मिनिटांत साफ. आता तिन्ही ट्रकमध्ये निळी बाटली असते, आणि संपली तर मला मेसेज फोरमनचा येतो.