सळई वरच्या अंगाला असते

खान नदीवरच्या एका जुन्या दगडी पुलाची तपासणी होती. चुन्यात बांधलेल्या कमानी शाबूत. रस्ता अपुरा पडला तसे कधीतरी दोन्ही बाजूंना काँक्रीटचे छज्जे बाहेर काढून फूटपाथ त्यांवर नेलेले आणि मधली सगळी रुंदी गाड्यांना दिलेली. आता इंदूरच्या वाहतुकीला तीही पुरेना. प्रश्न एवढाच होता, की याच छज्ज्यांवर गाड्यांचा भार टाकता येईल का.

ठेकेदार खालून टॉर्च मारून आला. "साहेब, एक चीर नाही. फर्स्ट क्लास!"

खालून दिसणार काय? छज्ज्यात ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर. आणि तिच्यावर फरशी. मी फरशी उचला म्हटलं, तर परवानगी कोण आणणार यावरच निम्मी सकाळ गेली.

शेवटी मिस्त्रीकाकांनी पुलाच्या दगडी भिंतीलगत हातोडा मारला. "पोकळ वाजतंय हो." दोन घावांत काँक्रीट सुटलं. आत गोल, गुळगुळीत सळई, टोक चिरून दोन्हीकडे फाकवलेलं. सळई सरकू नये म्हणूनची ही जुनी युक्ती. फ्रान्सच्या एनेबिक या अभियंत्याने 1892 साली पेटंट घेतलेल्या, काँक्रीटमध्ये सळई घालण्याच्या पद्धतीतही ती आहे. बघून मला खरं तर आनंदच झाला.

तो टिकला नाही. ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं; काँक्रीटमध्ये अल्कता उरली असेल तिथेच ते गुलाबी होतं. खोलवर गर्द गुलाबी, सळईभोवती मात्र रंगच नाही. काँक्रीटमधली अल्कता सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती हळूहळू संपवतो. मग फक्त पाणी हवं. ते दगड आणि काँक्रीटच्या सांध्यातून वर्षानुवर्षं मुरत होतं, आणि छज्ज्यावरचा ताणही नेमका तिथेच सर्वांत जास्त. जाडी मोजायला कॅलिपर लावला, तर सांध्यापाशी सळई जवळपास निम्मी.

"वरून सिमेंटचा लेप मारला तर?" ठेकेदार.

"आणि गेलेलं लोखंड?"

छज्जे पाडायचे ठरले. त्याऐवजी पूर्ण रुंदीचा सलग स्लॅब, एका बाजूचा भार दुसरी तोलेल असा. खाली पाणीरोधक थर, पन्हाळी भिंतीपासून लांब. एका बाबतीत मी हटून बसलो: कमानींवरचा भराव एकाच बाजूने उपसायचा नाही. एकीकडचं वजन गेलं, की दुसरीकडचं वजन कमानीला त्या रिकाम्या बाजूला ढकलतं. म्हणजे पूल काही काळ पूर्ण बंद. ती परवानगी मात्र ठेकेदारानेच आणली, कुरकुरत.